विश्रांती चषक

मल्लूनं सख्ख्या बहिणीविरुद्ध अहवाल लिहिला ही बातमी, अहवाल कचेरीत पोचायच्या आधी गडहिंग्लजच्या बाजारात पोचली.

कोथिंबीर घ्यायला गेला तर भाजीवाली म्हणाली, "ताजीच हाय बाबा. लिहू नको कुठं."

केस कापायला बसला तर न्हाव्यानं कात्री थांबवली. "मल्लाप्पा, मी मधेच चहा पितो. ते बसतंय न्हवं तुझ्या नियमात?"

मल्लू म्हणजे मल्लिकार्जुन कोरी, तालुका कौशल्य मंडळाचा एकुलता एक तपासनीस. गेल्या काही वर्षांत तालुक्यातली कामंच उलटीपालटी झाली होती. बसगाड्या कंडक्टरशिवाय धावायला लागल्या, पेट्रोलपंपांच्या जागी चार्जिंगच्या शेड आल्या, ट्रॅक्टरसुद्धा बॅटरीवर गेले. ज्यांची जुनी कामं गेली त्यांना नवी कामं शिकवायला सरकारनं पैसा दिला. तो कुठल्या केंद्राला द्यायचा, कोण खरंच शिकवतंय आणि कोण नुसत्या सह्या घेतंय, हे बघायला प्रत्येक तालुक्यात एक मंडळ नेमलं. मंडळात गावचेच लोक. दुकानदार, कामगार, एक बँकवाला, एक कॉलेजवाली. नियम सरळ होता. जेवढे तास शिकवलं, तेवढा पैसा. आणि ते तास खरे का खोटे हे न सांगता जाऊन बघायचं, ते मल्लूचं काम.

मल्लूला खोटं लिहिता येत नव्हतं. हा काही त्याचा मोठेपणा नव्हे. काही लोकांना शिट्टी वाजवता येत नाही, तसं ते. त्यामुळं मोठ्या बहिणीच्या, गिरिजाअक्काच्या केंद्रात त्याला जे दिसलं ते त्यानं लिहिलं: 'दुपारी एक ते अडीच सर्व प्रशिक्षणार्थी आडवे. प्रशिक्षिकाही आडव्या.'

अक्काचं केंद्र एका जुन्या तंबाखूच्या वखारीत होतं. अजून आत शिरलं की नवा माणूस दोनदा शिंकतो. तिथं ती गाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायला शिकवायची. अहवाल गेल्यापासून तिनं मल्लूशी बोलणं बंद केलं. डबा मात्र बंद केला नाही. फक्त डब्यातलं लोणचं बंद केलं. मल्लूला वाटलं, त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंडळाची सभा भरली. मंडळाचे अध्यक्ष दौलतआबा इंगवले, खताचे व्यापारी, गावच्या फुटबॉल संघाचे तहहयात अध्यक्ष. बसलेला माणूस त्यांना बघवत नसे. मंडळाच्या खोलीतल्या खुर्च्या त्यांनी पहिल्याच महिन्यात बाहेर काढल्या होत्या. सभा उभ्यानं व्हायची, म्हणून लवकर संपायची.

"दीड तास!" आबा अहवाल फडकावत म्हणाले. "रोज! सरकारच्या पैशानं घोरायचं? ते मगदूम सर बघा. सकाळी नऊला पोरं आत घेतात ते संध्याकाळी सोडतात. चहासुद्धा जाग्यावर!"

अभिनंदन मगदूम सरांची अकादमी बसस्टँडमागं होती. एसी हॉल, भिंतभर पडदे, काचेसारखी चकचकीत फरशी. तिथंही बॅटरीचंच काम शिकवायचे. आणि पुढच्या वर्षी बॅटरीच्या एकाच केंद्राला पैसा मिळणार होता.

"मल्लाप्पा," आबा म्हणाले, "तुझ्या बहिणीचं केंद्र बंद करावं लागंल. तुला वाईट वाटतंय?"

"वाटतंय की, आबा."

"मग?"

"पण आडवेच होते ते."

आबा त्याच्याकडं बघत राहिले. असला माणूस आपल्या खताच्या गोदामावर पाहिजे होता, असं त्यांच्या मनात आलं असावं.

शेवटचा ठराव पुढच्या सभेत व्हायचा होता. तेवढ्यात मुंबईहून सरकारी खोकं आलं.

खोक्यात कापडी बँड होते, कपाळाला बांधायचे. आतल्या बाजूला नखाएवढे सेन्सर शिवलेले, समोर काचेचा एक मणी. सोबतच्या पत्राचा अर्थ एवढाच की यापुढं पैसा तासांवर मिळणार नाही, शिकण्यावर मिळेल. माणूस काही नवं शिकला आणि ते त्याच्यात मुरलं, की मणी हिरवा होईल. तपासनीसानं केंद्रात जायचं, बँड बांधायचे आणि मणी मोजायचे.

मल्लूला आनंद झाला. आता कुणाच्या विरुद्ध काही लिहायलाच नको. मणी काय ते सांगतील.

तो आधी अकादमीत गेला. सगळ्यांच्या कपाळाला बँड बांधले आणि मागं जाऊन उभा राहिला. पडद्यावर बॅटरी फिरत होती, उलगडत होती, पुन्हा मिटत होती. पोरं टेबलावर काम करत होती. एकामागून एक धडा. दुपार झाली, ऊन कललं. एकही मणी पेटला नाही.

मगदूम सरांना एसीत घाम फुटला. "कोरी, याची बॅटरी चार्ज आहे ना?"

"सर, बॅटरीवाले तुम्ही."

संध्याकाळी मल्लूनं बँड गोळा केले आणि गाडीला किक मारणार, म्हणजे सवयीनं पाय उचलणार, कारण आता किक राहिलीच नव्हती, तेवढ्यात बसस्टॉपवरून एक पोरगी धावत आली. "सर, हे काढायचं राहिलंच. आणि बघा, काय तरी पेटलंय याचं."

तिच्या कपाळावर मणी हिरवागार होता.

"काय करत होतीस?"

"काही नाही. बसची वाट बघत होते."

बिघडलेला दिसतोय, असं म्हणून मल्लूनं तो बँड वेगळा ठेवला.

दुसऱ्या दिवशी अक्काची वखार. अक्का दारातच उभी होती, पदर खोचून.

"या साहेब," ती म्हणाली.

साहेब! सख्ख्या भावाला! तो दोनदा शिंकला आणि बँड बांधायला लागला. पहिलीच होती सुवर्णा कांबळे. ती पूर्वी बसमध्ये कंडक्टर होती. नोकरी गेली तरी आवाज तसाच राहिला होता, तीन गावांना पुरंल असा.

"साहेब, नीट बांधा," ती म्हणाली. "मागल्या येळी आम्हाला आडवं केलंत. आता डोक्याला पट्टी बांधताय. पुढच्या येळी काय, सलाईन?"

सगळी वखार हसली. अक्का हसली नाही.

काम सुरू झालं. सेलच्या टोकावर निकेलची पातळ पट्टी ठेवायची आणि वेल्डिंगचा टाका मारायचा. बोलायला सोपं. जास्त दाबलं की भोक, कमी दाबलं की पट्टी हातात. अक्का फिरत होती, मनगटं धरून दाखवत होती. "हां... सोड. सोड म्हणतोय न्हवं! टाका हाय तो, कुणाचा गळा न्हाई." बाहेरगावचं कुणी ऐकलं तर त्यांना वाटायचं ही बाई पुरुषासारखी का बोलते. आमच्या भागातल्या बायका बोलतात तशा.

सकाळभर मणी काळेच. एक वाजला. डबे निघाले. भाकरी, पिठलं, कुणाची तरी झणझणीत आमटी. मग चटया पडल्या. आणि अख्खी वखार आडवी झाली.

मल्लू भिंतीला टेकून बसला. यावेळीही हेच लिहावं लागणार. त्यानं डोळे मिटले, उघडले, आणि मग ते मोठेच झाले.

सुवर्णाचा मणी हिरवा झाला होता. तिच्या शेजारचा झाला. मग पलीकडचा. तंबाखूच्या वखारीला खिडक्या नसतात, आत दिवसासुद्धा अंधार. त्या अंधारात कुणी ओंजळभर मूग उधळावेत आणि ते उजळावेत, तसे मणी एकेक करून पेटत गेले. कुणी जागं होतं, वर कौलांकडं बघत होतं. कुणी पेंगत होतं. काही करत कुणीच नव्हतं.

गंमत म्हणून अक्कानंही एक बँड बांधला होता. तिचा मणी मात्र शेवटपर्यंत काळा राहिला. ती नवं काही शिकलीच नव्हती. ती नुसती झोपली होती.

मल्लू बाहेर पळाला आणि पत्रावरच्या नंबरला फोन लावला. बँड बनवणाऱ्या शास्त्रज्ञ, डॉक्टर कस्तुरी हुद्दार, स्वतः फोनवर आल्या.

"मॅडम, तुमचे मणी उलटे आहेत," मल्लू म्हणाला. "शिकवताना बंद असतात आणि लोक झोपले की लागतात."

त्या मोठ्यानं हसल्या. "फार छान! म्हणजे नीट चालतायत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा तिथं इवलीशी वीज खेळते. जिथं वीज तिथं चुंबकत्व. ते इतकं क्षीण असतं की पूर्वी पकडायला खोलीएवढं यंत्र लागायचं, आता कपाळाच्या पट्टीत मावतं. हातानं एखादं काम केलं, की मेंदूत त्या कामाची एक चाल उमटते. पण ती कच्ची असते. माणूस थांबला, की मेंदू तीच चाल परत खेळून बघतो, आपली आपण, खऱ्यापेक्षा कितीतरी वेगानं. टाका, टाका, टाका. पुन्हा पुन्हा. असं खेळता खेळता ती पक्की होते. सकाळी उमटलेली चाल दुपारी परत उमटली, की बँड ती ओळखतो आणि मणी लावतो.

"म्हणजे काम करताना माणूस शिकत नाही?"

"काम करताना रस आटवतो हो. तुमचा तर गुळाचा मुलूख. साच्यात भरलेला गूळ कुणी हलवतच बसलं तर ढेप बसेल का?"

"नाही बसायची."

"तसंच. एक धडा झाल्या झाल्या दुसरा धडा घातला, की पहिला बसतच नाही. थोडा वेळ द्यायचा. नुसता."

"झोपच पाहिजे का?"

"झोप नको, काही नको. फक्त कुणी काही मागायला नको त्या वेळेला."

मल्लू आत आला. अक्का उठून केस बांधत होती.

"अक्का, तुला हे ठाऊक होतं?"

"काय?"

"की आडवं पडल्यावर शिकलेलं पक्कं होतं."

अक्कानं जांभई दिली. "मला एवढंच ठाऊक होतं, जेवल्यावर मला झोप येत्या. मी झोपल्यावर ह्यांना कोण शिकवणार? म्हणून तीबी झोपायची." मग तिच्या लक्षात आलं की आपण बोललो. "साहेब," असं तिनं मागाहून जोडलं. पण उशीर झाला होता. मल्लू तोवर हसायला लागला होता.

सभेत मल्लूनं जसं दिसलं तसं सांगितलं. उभे असलेले सगळे एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. आबांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे सरकारनं झोपायला पैसे द्यायचे?"

"झोपायला नाही आबा. मुरायला."

"लोणचं हाय काय ते?"

मगदूम सर तिथंच होते. हुशार माणूस, आणि तसा वाईटही नाही. ते म्हणाले, "अध्यक्ष, विश्रांतीच पाहिजे असेल तर आमचे गादीवाले सोफे आहेत. एसीत. वखारीतल्या चटयांपेक्षा आमची पोरं जास्त विश्रांती घेतील. लावा पैज!"

कोपऱ्यातून बँकवाले म्हणाले, "मग होऊन जाऊ दे!"

आमच्या तालुक्यात हे शब्द एकदा उच्चारले की मागं फिरता येत नाही. कुणी जास्त वडे खाल्ले इथपासून कुणाची म्हैस जास्त देखणी इथपर्यंत, वाद झाला की त्याची स्पर्धा होते. स्पर्धा म्हटली की मांडव येतो, हलगी येते, ढाल येते, समालोचक येतो. आबांच्या डोळ्यांत चमक आली. इतका वेळ त्यांना काय करावं कळत नव्हतं. आता कळलं.

"शाळेच्या मैदानावर," ते म्हणाले. "अकरा विरुद्ध अकरा. आधी काम, मग अर्धा तास विश्रांती. ज्यांचे मणी जास्त, त्यांना पुढल्या वर्षीचा पैसा. हरंल ते केंद्र बंद. विश्रांती चषक!"

"आबा, पण..." मल्लू म्हणाला.

"तू पंच."

अक्काला हे सांगायला मल्लू गेला तेव्हा ती बॅटरीचं झाकण पुसत होती.

"आणि हरलो तर?"

"बंद."

अक्कानं फडकं खाली ठेवलं. वखारीच्या त्या टोकाला सुवर्णा कुणाला तरी टाका शिकवत होती. "ही पोरं निम्म्यावर आल्यात मल्ल्या," अक्का हळूच म्हणाली. "निम्मं शिकलेल्याला कोण काम देतंय? त्यापेक्षा न शिकलेला बरा, तो निदान बॅटरी फोडत न्हाई." मग तिनं खांदे उडवले. "पण झोपायची शर्यत म्हणतोस न्हवं? ती मी आईच्या पोटातनंच जिंकून आलोय."

मैदानावर सगळा तालुका लोटला होता. 'विश्रांती चषक' असा मोठा फलक, त्यावर आबांचा फोटो, खाली शुभेच्छुकांचे फोटो. एका बाजूला मगदूम सरांचे पांढरे सोफे, दुसऱ्या बाजूला अक्काच्या चटया. हलगी कडाडत होती. मांडवाच्या मागं मोठ्या भांड्यांत रस्सा शिजत होता.

उद्‌घाटन कसं करायचं यावर सुवर्णानं तोडगा काढला. "नारळ कशाला? आबा, टाका मारा." आणि फेट्याच्या जागी आबांच्या कपाळाला एक बँड बांधला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी टाका मारला. भोक पडलं. दुसरा मारला. पट्टी हातात आली.

"आबा, खताचं पोतं न्हवं ते, दाबू नका," सुवर्णा म्हणाली. "पुन्हा मारा."

"बास की आता. उद्‌घाटनच हाय."

"उद्‌घाटन झालं कुठं? टाका बसला तर झालं."

लोक हसायला लागले. आबा इरेला पेटले. त्यांनी सेलची सगळी रांग संपवली. एकही टाका धड बसला नाही. "म्हातारा झालो, आता काय शिकायचं," असं पुटपुटत ते बाजूला झाले आणि हलगीवाल्याला खूण केली.

दोन्ही संघांनी काम केलं, मन लावून केलं. मग शिट्टी झाली. सोफ्यावरचे सोफ्यावर, चटईवरचे चटईवर. विश्रांती सुरू.

समालोचनाला शिऱ्या होता. फुटबॉलच्या सामन्यांना बोलून बोलून त्याची अशी सवय झाली होती की घरी जेवतानासुद्धा तो स्वतःच्या घासांचं वर्णन करतो, असं त्याची बायको सांगते.

"आणि मंडळी, सुवर्णा कांबळे यांनी डोळे मिटलेले आहेत! काय सुंदर मिटलेत! तिकडं सोफ्यावर हालचाल... नाही, नाही, फक्त कूस बदलली! पंचांनी लक्ष द्यावं! अक्कांचा संघ श्वास घेतोय, श्वास सोडतोय, अप्रतिम!"

"झोपा, झोपा!" लोक ओरडत होते. "ए सुवर्णा, घोर की!" हलगी वाढत गेली. चटईवर प्रत्येकजण डोळे घट्ट मिटून, दात आवळून विश्रांती घेत होता. विश्रांतीनं त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

मणी काळे.

इकडचे काळे, तिकडचे काळे. अर्धा तास संपला. आबांनी जादा वेळ दिला. जादा वेळही संपला. शून्य-शून्य.

आबा मांडवात आले. आता ते खरंच चिडले होते.

"बघितलंत? सगळं थोतांड! ना तासांनी शिकत्यात, ना झोपून. मी मुंबईला कळवणार, ह्या तालुक्यात कुणाला काही शिकायचं न्हाई, पैसा परत घ्या. दोन्ही केंद्रं बंद!"

मगदूम सर मटकन सोफ्यावर बसले. सुवर्णा उठून उभी राहिली. "आबा, आमचं काय चुकलं?" असं ती इतक्या जोरात म्हणाली की मागचे आचारी बाहेर येऊन बघायला लागले. आबांनी तोंड फिरवलं. अक्का खाली वाकली. ती चटया गुंडाळायला लागली, एकेक, कडा जुळवून. तिला इतक्या नीटपणे काही करताना मल्लूनं कधी बघितलं नव्हतं, आणि ते त्याला बघवेना.

"रस्सा तयार हाय," आचारी अपराधी आवाजात म्हणाला. "वाढू का?"

हरलेल्या माणसाला भूक लागतेच. लोक पंगतीला बसले. सोफेवाले आणि चटईवाले एकाच पंगतीत, कारण आता कोण कुणाविरुद्ध राहिलं होतं? शिऱ्या पहिल्या घासाला गप्प झाला. हलगी झाडाला टेकून ठेवली गेली. जेवून कुणी खांबाला टेकलं, कुणी गवतावर पसरलं, कुणी आभाळातली घार बघत राहिलं. बँड काढायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं.

मल्लू ताक पीत होता. ठसका लागला.

मगदूम सरांच्या अकादमीतली ती बसस्टॉपवरची पोरगी खांबाला टेकून अंगठ्यानं बोटं पुसत होती, आणि तिचा मणी लागला होता. मग इकडं सुवर्णाचा. तिथं गवतावर तीन एकदम. पांढऱ्या सोफ्यावर, चटईच्या गुंडाळीवर, रश्शाच्या भांड्याशी. कुणालाच पत्ता नव्हता.

"आबा!" मल्लू उठला.

"हळू," अक्का म्हणाली. तिनं त्याचा दंड धरला. "तिकडं बघ."

मांडवाच्या टोकाला एकुलती एक खुर्ची होती. त्यात दौलतआबा बसले होते. गावानं त्यांना बसलेलं क्वचित बघितलं होतं. रागावून रागावून दमले होते बिचारे. डोळे अर्धे मिटलेले, हात मांडीवर, उजवा अंगठा स्वतःशीच हलकासा दाबत होता, सोडत होता. आणि त्यांच्या कपाळावर मणी लखलखीत हिरवा.

ते बघून सुवर्णा तोंडावर पदर दाबून हसायला लागली. मग शेजारची. मग अख्खी पंगत. हसण्यानं आबा जागे झाले.

"काय झालं? काय बगताय?"

"आबा," मल्लू म्हणाला, "तुम्ही शिकलात."

"काय शिकलो?"

"मारा टाका."

आबांनी इकडंतिकडं बघितलं. लोक गोळा झाले होते. सुवर्णानं सेल आणून पुढ्यात ठेवला. आबांनी पट्टी ठेवली, दाबलं, सोडलं. त्यांनी पट्टी ओढून बघितली. निघेना. पुन्हा ओढली. निघेना. दुसरा टाका मारला. तोही बसला. चौथ्या टाक्याला त्यांचा चेहरा असा झाला, की संघानं शेवटच्या मिनिटाला गोल मारल्यावरही तो तसा झाला नव्हता.

"सुवर्णे!" ते ओरडले. "बसला की ग!"

"बसणारच! शिकवलं कुणी?"

शिऱ्याच्या हातातला घास राहिला. त्याला बोलायचं होतं, पण अक्कानं बोट दाखवून त्याला गप्प केलं.

मल्लूनं शिट्टी खिशात टाकली. दिसलं ते बोलायला त्याला कधीच जड जायचं नाही. आज गेलं. "आबा, मघाशी मणी लागले नाहीत, कारण सगळं मैदान त्यांच्या कपाळाकडं बघत होतं. मीपण बघत होतो. शिट्टी घेऊन. माझं कामच बघायचं आहे. पण हे एक असं आहे की बघितलं की थांबतं."

"मग आम्ही मंडळानं करायचं काय? डोळे झाकून पैसा द्यायचा?"

"तसं नाही. दुपारी बघायचं नाही. संध्याकाळी बघायचं. तालुक्यातल्या बिघडलेल्या गाड्या केंद्रात आणून लावायच्या. चालू झाल्या का नाही, बसून बघायचं. तुमचा ट्रॅक्टरपण आणा."

"आणि केंद्र कुठलं? पैसा एकालाच हाय."

यावर मगदूम सर पुढं आले. त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. "अध्यक्ष, माझ्याकडं मशीन भारी आहेत. पण खरं सांगू? त्या हॉलमध्ये दुपारी मलासुद्धा आडवं व्हावंसं वाटत नाही. सकाळी सगळे माझ्याकडं काम करू दे. एकच्या ठोक्याला वखारीत जाऊ दे. दोन्ही मिळून एकच केंद्र." थोडं थांबून म्हणाले, "माझं एसीचं बिलपण निम्मं होईल."

"आणि झोपायला शिकवणार कोण?" आबांनी विचारलं.

सगळ्यांनी अक्काकडं बघितलं. अक्का लाजली. मल्लूनं तिला आयुष्यात पहिल्यांदा लाजताना बघितलं.

सभा तिथंच, मैदानावर झाली. बसून. ठराव एकमतानं पास झाला. त्यात आबांनी स्वतः सांगून एक ओळ घातली. कुठल्याही देखरेख मंडळानं अशी ओळ कधी घातली असेल असं वाटत नाही: 'दुपारी एक ते अडीच तपासनीसानं केंद्रात पाऊल ठेवू नये. दुसऱ्या कुणालाही ठेवू देऊ नये.'

सोमवारी दुपारी वखारीचं दार आतून लागलं. बाहेर चिंचेखाली मल्लू खुर्ची टाकून बसला. एक कुरिअरवाला आला, त्याला त्यानं तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं. मग मंडळाच्या कॉलेजवाल्या मॅडम आल्या. त्यांना फक्त एकदा डोकावून बघायचं होतं, फटीतून.

"नाही," मल्लू म्हणाला.

"अरे, मी मंडळाची सदस्य आहे."

"म्हणूनच नाही."

त्या गेल्या. चिंचेची सावली सरकून त्याच्या पायांवर आली. आतून शिंकण्याचा आवाज आला, कुणीतरी नवं असणार, अकादमीतलं. मग दबकं हसू, मग काहीच नाही. मल्लूनं पाय पसरले. ह्या वेळेला त्याचं काम एवढंच होतं, की बघायचं नाही.

त्यानं डोळे मिटले, आणि तालुक्याचा तपासनीस इमानेइतबारे आपल्या कामाला लागला.